पाटीवरची पेन्सिल

इंदूरच्या मराठी कुटुंबांना मंदसोर ठाऊक असते ते तहामुळे. ६ जानेवारी १८१८ रोजी तेथे होळकरांनी इंग्रजांशी तह केला आणि मग त्यांची राजधानी इंदुरास स्थिरावली. आम्ही रतलाम-जावऱ्यामार्गे तेथे गेलो ते याच कुतूहलाने. आणखी एक ओढ होती. याच गावी रेशीम विणकरांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधले व ती हकीकत इ.स. ४७३ च्या शिलालेखात संस्कृत श्लोकांत कोरविली. कारागिरांना अक्षरांचे एवढे अगत्य!

परंतु मास्तरकीने आमची पावले भलतीकडेच वळविली. लहानपणी इंदुरात ज्या दगडी पेन्सिलीने आम्ही श्रीगणेशा गिरविला (माळव्यात तिला ‘पेम’ म्हणत), ती बहुधा याच मुलखातील. येथला दगड मऊ, थराथरांचा. त्याच्या लाद्या फिरत्या करवतीखाली धरून कांड्या पाडायच्या, निवडायच्या, खोक्यांत भरायच्या. करवती यंत्रावर चालू लागल्या तसा माल वाढला, आणि धूळही वाढली. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत बसली की निघत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस जडलेला होता. ऐन उमेदीतला बाप खोकत अंथरुणास खिळला की चूल पेटती ठेवण्यास मुले कामावर जात.

कायदे झाले. १९८२ साली मध्य प्रदेशाने या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. १९८७ च्या बालकामगार धोरणाखालील पहिल्या प्रकल्पांत मंदसोर होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या कामावरील प्रत्येक मुलामागे मालकाकडून २०,००० रुपये घेण्याचा आदेश दिला, त्यातही मंदसोरचे नाव आहे. कागदोपत्री उणीव अशी नव्हतीच.

चहाच्या टपरीवर आमच्याच वयाचे एक गृहस्थ भेटले. आठव्या वर्षापासून ते पेन्सिली मोजून खोक्यांत भरीत. “गिनती वहीं सीखी, माट्साब,” ते थांबत थांबत, श्वास घेत म्हणाले. त्याच वर्षांत आम्ही इंदुरात पेन्सिली मोडून आईकडे नवी मागत होतो. हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

निघताना त्यांनी पिशवीतून दवाखान्याचा एक घडी घातलेला कागद काढला आणि आमच्यापुढे धरला. त्यात काय लिहिले आहे, ते त्यांना वाचून हवे होते.