डान्सला मारायचं?

रात्रीचे दोन. सकाळी नऊला मीटिंग, आणि मी ‘फॉलआउट ४’मध्ये अडकलेलो. गेम २०१५चा, गोष्ट अणुयुद्धानंतरच्या, म्हणजे २२८७च्या बॉस्टनमधली. मी ब्रदरहुड ऑफ स्टीलच्या बाजूचा. मला या गटात आणणारा पॅलाडिन डान्स म्हणजे एकदम शिस्तीचा गडी. आणि आता कळतं, तो माणूसच नाही. सिंथ आहे, बनवलेला! त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. वरून एल्डर मॅक्सनचा हुकूम : डान्सला संपव.

एका जुन्या बंकरमध्ये तो सापडला. लढायचं तर सोडाच, उलट मलाच म्हणतो, हुकूम पाळ. अरे, काय हे!

गेल्याच महिन्यात ऑफिसात कपातीची यादी आली होती. मला काम शिकवणाऱ्या सीनियरचं नाव त्यात होतं. मी मान डोलावली, कॉफी घेतली आणि जागेवर जाऊन बसलो.

इथे मात्र भांडलो. आधी डान्सशी, मग बाहेर उभ्या मॅक्सनशी. बोलणं फसलं की सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा. शेवटी डान्स वाचला. पण ब्रदरहुडच्या लेखी मेलेलाच, परत यायचं नाही.

मोबाइल उचलला. सीनियरचा नंबर होता. पावणेतीन वाजले होते. इतक्या रात्री कसा करणार फोन?