बोगोताचा ‘उस्तेद’

कोलंबियाची राजधानी बोगोता आंदीज पर्वतराजीत सुमारे २६०० मीटर उंचीवर वसली आहे. १५३८ मध्ये हे नगर वसवणाऱ्या गोन्सालो हिमेनेस दे केसादा याचे नाव धारण करणाऱ्या ‘आवेनिदा हिमेनेस’ या रस्त्यावर पाचूचे व्यापारी उभ्याउभ्याच सौदे करतात. कागदाची पुडी उलगडते आणि मूसो वा चिवोरच्या खाणीतला हिरवा खडा उजेडात धरला जातो. कोलंबियाचा पाचू पैलू पाडण्यासाठी जयपूरलाही येतो. तेथील जोहरींना ही नावे परिचित आहेत.

अशा बाजारात खड्याइतकीच माणसाचीही पारख होते, आणि तिचा आरंभ संबोधनापासून होतो. स्पॅनिशमधील ‘तू’ उच्चाराने व अर्थाने मराठी ‘तू’च होय. ‘उस्तेद’ हे मात्र ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या आदरवाचक संबोधनाचे झिजलेले रूप. म्हणून त्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘कसा आहेस’ला ‘कोमो एस्तास’, ‘कसे आहात’ला ‘कोमो एस्ता’. फरक अवघ्या एका ‘स’चा.

भाषा शिकवणारी संगणकप्रणाली सामान्यतः सरळ नियम देते: मित्राला ‘तू’, वडीलधाऱ्याला वा अनोळखी माणसाला ‘उस्तेद’. बोगोतात हा नियम अपुरा पडतो. तेथे जिवलग मित्र, भावंडे, प्रसंगी पतिपत्नीही परस्परांना ‘उस्तेद’ म्हणतात. नवख्याला तो दुरावा वाटतो. वस्तुतः तो जिव्हाळा असतो. पाचूच्या खाणींच्या बोयाका प्रांतात त्याहून मृदू ‘सुमेर्से’ कानी पडते. मेदेयीनमध्ये ‘वोस’ चालते, ब्युनोस आयर्समध्ये तर त्याने ‘तू’ची जागाच घेतली आहे. माद्रिदमध्ये मात्र पहिल्या भेटीतही सहज ‘तू’ म्हटले जाते.

मराठी माणसाला हे उमगणे अवघड नाही. आईला ‘तू’ म्हटल्याने आदर उणावत नाही आणि ‘अहो’ या हाकेने माया आटत नाही. मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. मराठीत ‘एकेरीवर येणे’ म्हणजे भांडणाची नांदी. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणून बोलण्यासाठी ‘तुतेआर’ असे स्वतंत्र क्रियापद असून तशी मुभा देणे हे स्नेहाचे आमंत्रण असते. परक्या पेठेत गेलेल्याने ‘उस्तेद’ने आरंभ करावा, कान उघडे ठेवावे आणि ते आमंत्रण समोरून येऊ द्यावे. प्रणाली शब्द शिकवते. त्यांचा मान त्या गावीच कळतो.