न चिकटणारी पट्टी

विरार लोकलमध्ये अंगाला अंग घासणारच, हे आपण वसईकर गृहीत धरून चालतो. काही मुलांना मात्र तेवढंही सोसत नाही. एपिडर्मोलायसिस बुलोसा या जन्मजात आजारात कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनंच सदोष असतात. शर्टाची शिवण, चपलेचा पट्टा, उचलून घेताना काखेत घातलेला हात, एवढ्यानंही फोड उठतात. गंभीर प्रकारात जखमा भरताना बोटं एकमेकांना जुळून जातात. वसईच्या दमट उन्हाळ्यात हे सारं आणखी वाढतं. आणि बालत्वचेचे तज्ज्ञ गाठायला परळच्या वाडिया रुग्णालयात जायचं, तर पुन्हा तीच लोकल.

२०१५ साली जर्मनीत हाच आजार असलेल्या सात वर्षांच्या एका सीरियन मुलाला प्रयोगशाळेत वाढवलेली, दुरुस्त जनुकाची त्वचा लावली. जवळजवळ ८० टक्के अंगावर. २०२३मध्ये अमेरिकेत जखमांवर लावायचं जनुकाचं जेलही मंजूर झालं. वाचून जीव हरखतो. पण आज रात्री घरात उपचार करते ती आईच. निर्जंतुक सुईनं फोड फोडायचा, वरची कातडी तशीच ठेवायची, जुनी पट्टी भिजवून सोडवायची, कपडे उलटे घालायचे म्हणजे शिवण बाहेर राहते. लेकरू रडत असताना हे रोज करणं म्हणजे काय, याचा विचार करताना माझे हात थांबतात.

सारा खेळ पट्टी न चिकटण्याचा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक केळीच्या पानाची पट्टी वापरली. पान गुळगुळीत, मेणचट. काढताना दुखत नाही, आणि अगदी स्वस्त. राजेळी केळी सुकवून सुकेळी करणाऱ्या आमच्या वसईला याचं अप्रूप वाटावं. (वाडीतलं पान तोडून थेट जखमेवर मात्र कुणी ठेवू नये.)

२०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नावानिशी नाही. तो असावा, असं मला ठामपणे वाटतं. तोवर आपल्या महापालिकेनं या मुलांना न चिकटणाऱ्या पट्ट्या तरी दरमहा मोफत द्याव्यात. आणि शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगावं: हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, शेजारी बसा, फक्त हात ओढू नका.