कूस

झोप लागली नाही की आपण म्हणतो, ‘सारी रात्र कूस बदलण्यात गेली.’ मराठीत कूस बदलणे ही अस्वस्थतेची खूण होऊन बसली आहे. कथा-कादंबऱ्यांतली चिंताग्रस्त माणसे हटकून कूस बदलतात. वस्तुतः निरोगी माणूस गाढ झोपेतही कूस बदलतो. दबलेल्या त्वचेची तक्रार शरीर परस्पर ऐकते आणि झोपमोड न करता वळते. ज्याचे शरीर हे करू शकत नाही, त्याची कूस दुसऱ्या कोणाला तरी बदलावी लागते. शब्दाची ही दुसरी बाजू मला वाटूरला कळली.

वाटूर हे परतूर तालुक्यातले गाव. आमच्या आत्याबाई तिथल्या. अर्धांगवायूने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा रुग्णालयातून घरी पाठवताना एका सिस्टरने त्यांच्या सुनेला, म्हणजे आमच्या वहिनींना, तासभर बसवून शिकवले. दर दोन तासांनी कूस पालटायची. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहायची. लाल डागावर बोट दाबायचे. लाली क्षणभरही विरली नाही तर ती जखमेची सुरुवात समजायची. अंथरुणावर ओल नको, चादरीला सुरकुती नको. रुग्णाला ओढायचे नाही, उचलून सरकवायचे. उशी पोटऱ्यांखाली द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल झालेल्या जागी तेल चोळायचे नाही, कारण त्याने आतल्या पेशी आणखी दुखावतात. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको; तिच्या कडांचा दाब रक्तपुरवठा अडवतो. शेवटच्या दोन गोष्टी तर पूर्वी रुग्णालयांतही सर्रास चालत.

वहिनींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले: डावी, उजवी, उताणी. आत्याबाई पुढे चौदा महिने जगल्या. पाठीला जखम झाली नाही. दहाव्याला आलेली माणसे म्हणाली, ‘सुनेने सेवा केली हो!’ ते खरेच होते. पण ‘सेवा’ या शब्दात वहिनींनी मिळवलेले ज्ञान कुठेच दिसत नव्हते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. २००९ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा रुग्णालयाने आवर्जून सांगितले की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही. दयामरणावर आपण पुष्कळ लिहिले. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या तरी दोन तासांचा तो नेम पाठोपाठच्या पाळ्यांत कसा टिकला, यावर मात्र फारसे लिहिले नाही. आपण त्याला माया म्हटले, चमत्कार म्हटले. तो व्यवसायातला नेमकेपणाही होता, हे राहून गेले.

हे शास्त्र आहे. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिकांनी सहा निकषांची मोजपट्टी प्रसिद्ध केली: संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, कूस बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण. गुण जितके कमी, तितका धोका अधिक. त्याच्याही शंभरहून अधिक वर्षे आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शय्याव्रणाचा दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे बजावले होते.

मला हे विधान अर्धेच पटते. ज्ञान असते, तरी एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असला तर दोन तासांचे चार होतात. रुग्ण वळवायला दोन माणसे लागतात आणि दुसरे माणूस नसते. मग जखम झाली की ती तिच्या नावावर चढते. टळलेली जखम कोणाच्याच नावावर चढत नाही.

आपण भाषेची माणसे. गौरवाचे शब्द आपल्यापाशी मुबलक. परंतु परिचारिकेला ‘देवदूत’ म्हणायला काही खर्च येत नाही. रात्रपाळीला आणखी एक परिचारिका नेमायला येतो, आणि कूस बदलली जाते ती त्या खर्चाने.