फटीला भिणारे भाऊसाहेब

नागपूरच्या नंदनवनातून जगनाडे चौकाकडे निघालात की रस्त्याच्या कडेला, सिमेंटच्या ओट्यावर, राखाडी सफारीतले एक गृहस्थ ताठ उभे दिसतील. येणारे-जाणारे त्यांना सरसकट ‘डीपी’ म्हणतात. ते त्यांना अजिबात खपत नाही. डीपी म्हणजे पलीकडचा तो वीजवाल्यांचा, दिवसभर गुणगुणणारा. हे दूरसंचार खात्यातले, पत्र्याचं बंद कपाट. वस्तीचं मोबाइल-इंटरनेट यांच्या पोटातून जातं. आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू.

भाऊसाहेबांना घराण्याचा अभिमान फार. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १२ फुटी पिंजरा बांधला, त्याला बाहेरून विजेनं भारलं आणि स्वतः आत जाऊन बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आतल्या उपकरणांना पत्ताही नव्हता. त्या पिंजऱ्याचे आपण थेट वंशज, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. ते खोटंही नाही.

ऐट सगळी पत्र्याची, पण जीव सांध्यात. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. तिच्या निम्म्या लांबीची फट, मग ती केसाएवढी अरुंद का असेना, तिला पुरते. भाऊसाहेबांना गोल भोकाची एवढी भीती नाही. दाराच्या कडेची लांबलचक फट दिसली की मात्र त्यांची झोप उडते. म्हणून दाराच्या चौकटीला वीजवाहक गॅस्केट बसवलेली असते. दार लागलं की ती दाबली जाते आणि पत्र्याला पत्रा भेटतो.

नटण्याची हौस हा त्यांचा घातक दोष. एखादा उत्साही रंगारी येतो आणि बाहेरून चकाचक करता करता दाराच्या आतल्या काठावरही ब्रश फिरवतो. गॅस्केट तिथेच, दारही तिथेच, फक्त मध्ये रंग. धातूची धातूशी भेट तुटली, कवच फाटलं. भाऊसाहेब इतके देखणे आणि इतके उघडे एकाच दिवशी होतात.

ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्यात त्यांची खरी पंचाईत. सगळं नंदनवन खिडकीत कूलर लावून बसतं. भाऊसाहेबांच्या पोटात रेक्टिफायर तापलेला, हवा तर हवी, पण भोक नको! त्यावर तोडगा म्हणजे षटकोनी नळ्यांची जाळी. प्रत्येक नळी रुंदीपेक्षा बरीच खोल. वारा आरपार जातो, लहर मात्र वाटेतच मरते.

पाहुण्यांच्या बाबतीत ते संशयी आहेत, आणि कारण आहे. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झची लहर ५०० मीटरहून लांब. ती फटीतून काय शिरणार? ती बाहेरच्या तांब्याच्या केबलवर स्वार होऊन दारातून येते. म्हणून केबलवरची धातूची जाळी प्रवेशाशीच पत्र्याला चहूबाजूंनी आवळायची. घाईतला कारागीर तिची शेपटी वळून आत कुठल्या तरी बोल्टला बांधतो, तेव्हा भाऊसाहेब मनातल्या मनात त्याचा उद्धार करतात. निव्वळ काचेच्या फायबरला तेवढी मोकळी वाट. त्याच्या अंगात वीजच नाही.

एवढा मिजासखोर माणूस जमिनीपुढे मात्र नम्र. पावसाळ्याआधी ढग गडगडले की केबलवरून येणारा विजेचा लोंढा अर्थिंगमधून मातीत सोडायचा असतो. पण उन्हाळ्यात इथली काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंग सैल पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी कुणी ओतलं, तर भाऊसाहेब त्याला जन्मभर दुवा देतील.

पलीकडच्या डीपीशी मात्र त्यांचं जमत नाही. त्याचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असल्या पातळ पत्र्याला फारसं जुमानत नाही. तिथे एकच उपाय, चार हात दूर राहणं. स्वतःबद्दल मात्र ते सभ्य आहेत. आतल्या रेक्टिफायरचा कलकलाट ते शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ देत नाहीत. कवच दोन्हीकडून राखतं.

आणि मग देखभालीचा पोरगा येतो. काम आटोपतो, दार ढकलतो, वरचा स्क्रू आवळतो आणि खालचा तसाच सोडून गाडीला किक मारतो. खाली दार बोटभर उघडं राहिलेलं. घराणं फॅरेडेंचं असलं म्हणून काय झालं? अब्रू त्या खालच्या स्क्रूच्या हाती.