सातशे घोड्यांचा मेणा

चार दारांच्या व मागे सामानाची स्वतंत्र पेटी असलेल्या मोटारीस ‘सेडान’ असे म्हणतात. हा शब्द मोटारीहून पुष्कळच जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात दोन माणसांनी दांड्यांवर तोलून न्यावयाची एक बंद खुर्ची असे, तिचे हे नाव. आपल्याकडील मेण्याचीच ती भावंड म्हणावयास हरकत नाही. मेण्याचे गुण तीन: आत बसणाऱ्यास धक्का बसू नये, ऊनवारा लागू नये, आणि वाहून नेणाऱ्याची धाप त्याच्या कानी पडू नये. मेणा शर्यतीत पळवावा असे कोणी त्या काळी सुचविले असते तर लोकांनी त्याच्या डोक्याविषयी शंका घेतली असती. हल्ली मात्र ही शंका कोणासही येत नाही. उलट, मेण्याचे सुख आणि शर्यतीच्या रथाचा वेग ही दोन्ही एकाच पेटीत भरून दाखविण्याची जर्मनीतील कारखान्यांत चढाओढ लागली आहे.

आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने या विषयात पडण्याचे कारण घरचेच आहे. आमचे कै. वडील बंधू गेल्यापासून त्यांचे चिरंजीव कोणतेही मोठे काम आम्हास विचारल्याखेरीज करीत नाहीत. यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा त्यांचा धंदा आता चांगला चालतो. त्यांच्या मनाने बी.एम्.डब्ल्यू. कंपनीची एम-5 ही गाडी घेतली आहे. “काका, तुम्ही आणि काकू एकदा बसून पाहा, मग हो किंवा नाही म्हणा,” असे ते म्हणाले. त्यांच्या एका व्यवसायबंधूंकडे ही गाडी आहे. त्या सद्गृहस्थांनी एका रविवारी ती अर्धा दिवस दिली आणि पुण्याहून लोणावळ्यापर्यंत जाऊन येण्याचे ठरले. पुढे पुतण्या व आम्ही, मागे आमचे कुटुंब व पुतण्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, अशी व्यवस्था होती. या मुलास मोटारीचा परवाना मिळून वर्षही झालेले नाही. परंतु या गाडीचे सर्व आकडे त्यास रामरक्षेसारखे मुखोद्गत आहेत.

प्रथम या गाडीची वंशावळ सांगितली पाहिजे. पहिली एम-5 सन 1985 ची. त्या कारखान्याने आधी एम-1 नावाची एक शर्यती वळणाची दोन आसनी गाडी काढली होती. तिचे सहा नळकांड्यांचे, साडेतीन लिटरांचे इंजिन त्यांनी थोडे सुधारून एका अगदी साध्या दिसणाऱ्या चार दारांच्या गाडीत बसविले. शक्ती 286 अश्व. बाहेरून पाहणाऱ्यास ती एखाद्या पेढीच्या व्यवस्थापकाची गाडी वाटावी. जाणकारासच काय तो फरक कळे. आम्हास येथे महाभारतातील नलोपाख्यान आठवले. नलराजा बाहुक या कुरूप सारथ्याच्या वेषात ऋतुपर्णाच्या पदरी राहिला होता. रथास जुंपण्यासाठी त्याने निवडलेले घोडे इतके हाडकुळे दिसत की, राजाने त्यांविषयी नाराजी दाखविली. तोच रथ अयोध्येहून विदर्भास एका दिवसात पोहोचला. वाटेत ऋतुपर्णाचे उत्तरीय खाली पडले, तेव्हा ते उचलून आणण्यासाठी थांब म्हणताच, आपण त्याच्यापुढे योजनभर आलो, असे नलाने सांगितले. पहिली एम-5 ही खरी बाहुक होती.

हल्लीची पिढी सातवी. ती सन 2024 मध्ये आली, आणि तिने बाहुकाचा वेष टाकून दिला आहे. कंपनीच्या नेहमीच्या पाचव्या मालिकेतील गाडीपेक्षा ती पुढून सुमारे साडेसात सेंटिमीटर अधिक रुंद केली आहे. चाकांवरील पत्रा तालीमबाजाच्या दंडासारखा फुगलेला, मागे धुराच्या चार नळ्या, आणि पुढील जाळीभोवती रात्री उजळणारी प्रकाशाची कड. लांबी पाच मीटरांहून अधिक, रुंदी आरसे सोडून एक मीटर 97 सेंटिमीटर. आमच्या गल्लीत ती वळविताना दोन्ही बाजूंच्या दुचाक्या हलवाव्या लागल्या व शेजारच्या तीन बिऱ्हाडांतील मंडळी गच्चीत आली. गाडी देखणी आहे, यात संशय नाही. परंतु जिला आपले बळ दाराबाहेर टांगून ठेवावे लागते, तिच्यापेक्षा ती चाळीस वर्षांपूर्वीची लपून राहणारी आजी आम्हास अधिक खानदानी वाटते.

आत बसताना मात्र सर्व टीका विसरावयास होते. आमच्या कुटुंबाचे गुडघे दुखतात. या जातीच्या गाड्या जमिनीलगत असल्यामुळे आधी बसावे आणि मग पाय आत घ्यावेत, ही युक्ती पुतण्याने त्यांस शिकविली. एकदा बसल्यावर त्यांनी पाठीमागे हात फिरवून गादी चाचपली आणि “लग्नातल्या लोडापेक्षा बरी आहे,” असा अभिप्राय दिला. मागे पाय लांब करण्यास जागा भरपूर आहे. पुढील आसने कमरेस दोन्ही बाजूंनी असे धरून ठेवतात की, वळणावर माणूस कलत नाही. चालकासमोर दोन वाकविलेले काचफलक, एक 12.3 इंचांचा व दुसरा 14.9 इंचांचा, एकाच पट्टीत बसविले आहेत. एकंदर हल्लीच्या गाड्यांतून बोंडे व खुंट्या जात चालल्या आणि वाऱ्याचा झोत फिरविण्यासदेखील काचेवर बोट ठेवण्याची वेळ आली, हे आमच्या पिढीस रुचणारे नाही. जुन्या फियाटमध्ये अंधारात हात नेला तरी हवी ती खुंटी सापडे, आणि नजर रस्त्यावरून हलत नसे. सामानाची पेटी 466 लिटरांची, म्हणजे लांबीच्या मानाने बेताचीच.

आता या मेण्याचे भोई. चार हजार चारशे घनसेंटिमीटरांचे आठ नळकांड्यांचे पेट्रोल इंजिन, त्यास दोन टर्बो. आणि गतिपेटीतच बसविलेली 197 अश्वशक्तीची विजेची मोटार. दोन्ही मिळून 727 अश्वशक्ती. दोन शक्तींची बेरीज केली तर आकडा याहून मोठा येतो. परंतु दोघांचा परमोच्च जोर एकाच क्षणी येत नाही, म्हणून अशी बेरीज करावयाची नसते, हे मुलाने आम्हास समजावून दिले आणि ते बरोबर आहे. बॅटरी पूर्ण भरली असता केवळ विजेवर सुमारे 65 ते 70 किलोमीटर जाता येते, अशी कारखान्याची मोजणी आहे. आमच्या मते गाडीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. सकाळी गल्लीतून निघालो तेव्हा पायरीवर झोपलेल्या कुत्र्याने कानसुद्धा हलविला नाही. मंडई, दवाखाना, नातेवाइकांकडील मुंज, ही घरची सर्व कामे पेट्रोलचा थेंब न जाळता व्हावीत. धाप ऐकू न येणारा मेणा तो हाच.

शहरातील खड्ड्यांचा अनुभव मिश्र आहे. वेगासाठी बांधलेल्या गाडीची चाके मोठी व टायरांची भिंत आखूड असते. येथे तर पुढे वीस व मागे एकवीस इंचांची चाके आहेत. मृदू रीतीवर ठेवल्यास हिसके पुष्कळ गिळले जातात, पण गतिरोधक आला की मागून “हळू रे” असा शब्द येईच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात हरिणाच्या मागे धावणाऱ्या दुष्यंताचा सारथी सांगतो की, भूमी उंचसखल होती म्हणून लगाम खेचून मी रथ मंद केला. आम्ही तीस वर्षे हा अंक मुलांस शिकविला, परंतु ते वाक्य म्हणजे पुढील वेगाच्या वर्णनाची केवळ प्रस्तावना, असेच मुलांस वाटे. वाक्याचे खरे महत्त्व पुण्यातील रस्त्यावर कळते.

द्रुतगती मार्गावर उर्से येथील टोलनाक्याबाहेर पुढील रस्ता बराच मोकळा होता. मुलाने मागून आर्जव केले, “बाबा, एकदाच.” पुतण्याने सुकाणूचक्रावरील तांबडी कळ दाबली आणि पाय टेकविला. त्यानंतरच्या साडेतीन सेकंदांचे वर्णन करण्यास आमच्याजवळ उपमा नाही, गणित आहे. शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंत ही गाडी साडेतीन सेकंदांत जाते, हा कारखान्याचा आकडा. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार पंचमांश इतका जोर माणसास मागे दाबतो. आमचे वजन साठ किलो धरल्यास अठ्ठेचाळीस किलोंची पोती कोणी छातीवर ठेवावीत, तसे झाले. आमचा चष्मा नाकावर घट्ट बसला, इंजिनाने प्रथमच आपला कंठ मोकळा केला, आणि मागून ‘अगबाई’ ऐकू येईपर्यंत काटा शंभरावर स्थिरही झाला होता. आनंद झाला का? झाला. खोटे कशास सांगावे? लहानपणी जत्रेतील पाळणा वरून खाली येताना पोटात जे होई, तेच साठीनंतर पुन्हा झाले.

परंतु येथेच हिशेबाला आरंभ होतो. या मार्गावर सपाटीस मोटारींची कमाल मर्यादा ताशी 100 ची, घाटात त्याहून कमी. म्हणजे कायद्याने दिलेली सर्व गती पन्नासएक मीटरांत संपली. गाडीची कमाल गती कारखान्यानेच 250 वर बांधली आहे, आणि जादा पैसे भरल्यास ती 305 पर्यंत मोकळी करून देतात. ही उरलेली गती ठेवावयाची कोठे? जर्मनीत ज्यांवर मर्यादा नाही असे महामार्ग आहेत. तेथे या प्रश्नास काही उत्तर असेल. आपल्याकडे ही गाडी तयार होऊनच येते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती प्रथम आली तेव्हा दुकानातील किंमत 1 कोटी 99 लाख रुपये होती. त्या किमतीचा बराचसा भाग, जो कधी वापरावयाचा नाही त्या बळासाठीच दिलेला असतो.

दुसरा हिशेब वजनाचा. पहिली एम-5 साधारण 1,430 किलोंची होती. हल्लीची 2,435 किलोंची आहे. सुखसोयी, बॅटरी, मोटार यांनी हजार किलो वाढविले. अंगची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे शाळेत शिकविलेले सूत्र. ताशी 100 ऐवजी 250 झाले म्हणजे ऊर्जा अडीचपट न होता सव्वासहापट होते. थांबण्यास लागणारे अंतरही त्याच मानाने. गाडीचे लगाम उत्तम आहेत, परंतु सूत्र कोणत्याही कारखान्याचे ऐकत नाही.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर कोण आहे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. पुतण्या चाळिशी ओलांडलेला, विचारी गृहस्थ आहे; त्याची आम्हास काळजी नाही. काळजी मागच्या आसनावरील मुलाची. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात अशाच एका उंची, वेगवान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो अठरा वर्षांचाही नव्हता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी गेली तर सन 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु आमचा नातू एकोणीस वर्षांचा, कायद्याने सज्ञान. आपल्याकडे हलक्या वाहनाचा परवाना एकच. ज्या कागदावर लहानशी मारुती चालविता येते, त्याच कागदावर हे सातशे घोडे जुंपता येतात. कायदा जेथे थांबतो तेथून पुढे घरातील वडीलधाऱ्यांचा अंमल सुरू होतो.

मुलगा गुणी आहे, हे आम्ही सांगतो. लोणावळ्यास चहा घेताना त्याने विचारले, “आजोबा, येताना मी चालवू?” बाप काही बोलला नाही, तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही म्हटले, “बाळ, गाडी परक्याची आहे.” उत्तर खरे होते, परंतु पुरेसे नव्हते, हे आम्हा तिघांसही कळत होते. परतीच्या वाटेवर तो फारसा बोलला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्या आमच्या खोलीत आला. आम्ही त्यास सरळ सांगितले, “पैसा तुझ्या कष्टाचा आहे, गाडी चांगली आहे, आणि मला ती आवडली. घेणार असलास तर घे. पण मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याने तिला हात लावू नये. आणि हे तू त्याला आत्ताच, पैसे भरण्यापूर्वी, माझ्यासमोर सांगावेस. गाडी आल्यावर सांगशील तर तो अपमान समजेल.” पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, त्याला सांगेन. पण चावी घरात असणार. मी बाहेरगावी असतो.”

यावर आमचे कुटुंब दाराआडून म्हणाले की, चावी देवघराच्या खणात राहील व खणाची किल्ली त्यांच्या कमरेला. पुतण्या हसला. काकूंकडे चावी मागावयाची म्हणजे कोठे निघालास, बरोबर कोण, रात्री जेवावयास आहेस की नाही, हे सर्व सांगणे आले. मग त्यास स्वतःलादेखील ती गाडी मिळणे कठीण, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मुलास आमच्यासमोर बोलाविले व सर्व अटी सांगितल्या. मुलाने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, पंचवीस म्हणजे पूर्ण झालेली की लागलेली.

पूर्ण झालेली, असे आम्ही सांगितले. पैसे अद्याप भरलेले नाहीत.