आजींचा गळा

चिचगडला आमच्या शेजारी एक वृद्ध आजी राहतात. पावसाळ्यात गुडघाभर चिखलाच्या बांधीत वाकून धानाची रोवणी करताना बाया जी गाणी गातात, ती त्यांना मुखोद्गत आहेत. ती उतरवून घ्यावीत असे माझ्या मनात फार दिवस होते. परंतु कागदावर शब्द उतरतात, चाल उतरत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या महाराष्ट्रातील जात्यावरच्या लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील कित्येक गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या, हे वाचल्यापासून तर मला स्वस्थता नव्हती. शेवटी उन्हाळ्यातील एका दुपारी संगणकाला छोटासा मायक्रोफोन जोडून मी आजींना समोर बसविले. त्या तासभर गायिल्या.

मुद्रण ऐकले मात्र, आणि माझा चेहरा उतरला! आवाज विहिरीतून यावा तसा. त्याहून वाईट असे, की प्रत्येक चरणाच्या शेवटी आजी जो लांब स्वर लावीत, तो मध्येच तुटलेला. आजींनी क्षणभर कान देऊन ऐकले आणि विचारले, "सबद हायेत गुरुजी, पन माजा गरा कुठी गेला?" आमच्या झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो. त्या बिचाऱ्या आपला गळा शोधीत होत्या.

उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा वाचून पाहा, असे मी मुलांना जन्मभर बजावले. आणि स्वतः मात्र यंत्र पारखल्यावाचून कामाला लागलो होतो!

मग मी ती पारख आरंभिली. प्रथम मायक्रोफोनवर नखाने हलकेच टिचकी मारली. संगणकाच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी हललीच नाही. संगणकाच्या अंगावर टिचकी मारताच मात्र ती उसळली. म्हणजे त्या दिवशी संगणक आपल्याच पोटातल्या कानाने ऐकत होता, आणि आजींच्या पुढ्यातला मायक्रोफोन नुसताच शोभेला होता.

दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म होता. मुलांनो, मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. आवाजाने तो थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि संगणक ती वीज सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवतो. परंतु आमच्या संगणकात गोंगाट गाळण्याची एक सोय चालू होती. ती बोलण्यासाठी केलेली. एकसारखा घुमणारा ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर, असे ती समजे. आणि आजींचा लांबविलेला स्वर तिने पंख्याबरोबरच गाळून टाकला होता. मी ती सोय बंद केली, आणि पंखाही.

पुढे आठवडाभर मी रोज दुपारी एकटाच 'पाणी, पोपट, पपई' असे म्हणत बसे. 'प' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि मुद्रणात धप्प असा आवाज येतो. मायक्रोफोन तोंडासमोरून थोडा बाजूला, वीतभर अंतरावर ठेवताच तो थांबला. आवाजाची पातळी फार चढविली की स्वरांची शिखरे छाटली जाऊन तो फाटे. फार उतरविली की मागे सूं सूं ऐकू येई. भिंतींवरून घुमणारा प्रतिध्वनी मोडावा म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या मी दोरीवर टांगल्या. पाहुण्यांना काय सांगावे, हा घरच्या मंडळींपुढे प्रश्नच पडला.

परंतु एवढ्यात पावसाळा लागला आणि आजी तापाने अंथरुणाला खिळल्या. त्या पुन्हा माझ्या घरी येऊन बसल्या, तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. या वेळी स्वर अखंड उतरला. श्वास घेतलेलाही ऐकू येतो. "हा माजाच गरा," असे म्हणून त्या हसल्या. एका गाण्यातील दोन चरण मात्र त्यांना काही केल्या आठवेनात.

ते पहिले बिघडलेले मुद्रण मी पुसून टाकणार होतो. आता ते जपून ठेवले आहे. ते दोन चरण त्यात आहेत. शेवटचा स्वर तेवढा तुटलेला आहे.